पंख मिटलेले ओकलीफ : ब्लू की ऑरेंज?

मूळ लेखन

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस मध्य प्रदेशातील पचमढीच्या रानात, ओढ्याकाठच्या एका झाडाच्या खोडावर बसलेल्या ओकलीफ फुलपाखराची, म्हणजे पंख मिटल्यावर हुबेहूब वाळक्या पानासारख्या दिसणाऱ्या फुलपाखराची, आठ छायाचित्रे मी काढली. घरी आल्यावर त्यांतले सर्वांत स्पष्ट छायाचित्र निवडून त्याखाली ‘ब्लू ओकलीफ’ असे लिहिले आणि नोंदवहीतही तसेच उतरवले. सह्याद्रीत हे फुलपाखरू मी अनेक वर्षे पाहत आले आहे, त्यामुळे दुसरा विचार मनातही आला नाही. मागच्या आठवड्यात ते छायाचित्र पाहून एका जाणकार स्नेह्यांनी एवढेच विचारले, की यात तुम्हांला निळे कुठे दिसले? छायाचित्रातल्या फुलपाखराचे पंख घट्ट मिटलेले आहेत आणि निळा रंग त्यात कणभरही नाही. त्या प्रश्नानंतर मी जे वाचले आणि जुनी छायाचित्रे बाहेर काढून जे ताडून पाहिले, ते येथे मांडते आहे. माझे म्हणणे आधीच सांगते: पंख मिटलेल्या ओकलीफची ब्लू आणि ऑरेंज अशी विभागणी छायाचित्रावरून खात्रीने करता येत नाही, आणि आपण ती करतो तेव्हा फुलपाखरू पाहून नव्हे, तर नकाशा पाहून नाव देत असतो.

ही दोन्ही फुलपाखरे कॅलिमा या एकाच वंशातली आहेत. ब्लू ओकलीफचे शास्त्रीय नाव कॅलिमा हॉर्सफील्डी. जावा बेटावर दीर्घकाळ काम केलेले आणि पुढे लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीचे संग्रहालय सांभाळणारे निसर्ग अभ्यासक थॉमस हॉर्सफील्ड यांच्यावरून ते दिले गेले. हे पश्चिम घाटाचे फुलपाखरू म्हणून आपल्याला परिचित आहे. आंबोलीपासून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत, जेथे ओलसर रान, सावली आणि कारवी आहे, तेथे ते भेटण्याची आशा ठेवावी. ऑरेंज ओकलीफ म्हणजे कॅलिमा इनाकस. त्याचा पसारा खूपच मोठा आहे. काश्मीरपासून हिमालयाच्या पायथ्यापायथ्याने ईशान्य भारत, तेथून म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीन आणि थेट तैवान व जपानच्या ओकिनावा बेटांपर्यंत ते पोहोचले आहे. आकार दोघांचाही जवळपास सारखा, पंखविस्तार साधारण ८५ ते ११० मिलिमीटर.

पंख उघडले की प्रश्नच उरत नाही. दोघांच्याही पुढच्या पंखाचे टोक काळे असते, त्यात टोकाजवळ एक लहान पांढरा ठिपका असतो, आणि पंखाच्या मुळाकडचा भाग गडद निळा असतो. या काळ्या टोकाच्या आणि निळ्या मुळाच्या मधून पंखाला तिरका छेद देत जाणारा रुंद पट्टा हाच काय तो भेद. ऑरेंजमध्ये तो झगझगीत नारिंगी असतो आणि ब्लूमध्ये फिकट निळा, कधी कधी जवळजवळ पांढुरका. दोन्ही फुलपाखरे शेजारी शेजारी पंख पसरून बसली, तर लहान मूलदेखील त्यांना वेगळे सांगेल. अडचण अशी, की ही फुलपाखरे आपल्यासमोर पंख पसरून फार थोडा वेळ बसतात आणि बहुतेक छायाचित्रे मिटलेल्या पंखांचीच निघतात.

मिटलेल्या पंखांचे वर्णन मी मुद्दाम सविस्तर करते, कारण पुढची चर्चा त्यावरच होईल. मागच्या पंखाला खालच्या कोपऱ्यात एक बारीक शेपटीसारखे टोक असते, तो देठ. त्या देठापासून एक गडद रेषा निघते, मागचा पंख ओलांडून पुढच्या पंखावर जाते आणि त्याच्या अणकुचीदार टोकाशी संपते, ती पानाची मधली शीर. त्या रेषेपासून दोन्ही बाजूंना फिकट तिरप्या रेषा निघतात, त्या उपशिरा. रंग पिवळट बदामीपासून तांबूस तपकिरी, राखाडी आणि शेवाळी छटेपर्यंत कोणताही असू शकतो. त्यावर काळसर ठिपके असतात, पाऊस लागून कुजू लागलेल्या पानावर बुरशी धरावी तसे. पुढच्या पंखावर खवले नसलेली एक लहान पारदर्शक जागा असते, आणि मिटलेल्या पंखात ती किड्याने पाडलेल्या भोकासारखी दिसते. आता या संपूर्ण वर्णनातले कोणतेही एक वाक्य असे नाही, की जे ब्लूला लागू पडते आणि ऑरेंजला पडत नाही.

माझ्या नोंदवहीतली ती ओळ मी तूर्त खोडली आहे. जाणकारांनी आपले अनुभव लिहावेत, आणि माझे कुठे चुकत असेल तर तेही निःसंकोच सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपण मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे, पण मला तो पूर्णपणे पटलेला नाही. सह्याद्रीत गेली पंधरा-सोळा वर्षे मी ब्लू ओकलीफ पाहतो आहे, आणि हिमालयातल्या ऑरेंजची छायाचित्रे जेव्हा जेव्हा समोर येतात तेव्हा त्यांचा देठ मला किंचित लांब वाटतो, आणि मधली शीर अधिक ठळक व सरळ वाटते. हे मी मोजलेले नाही, ही नजरेला झालेली सवय आहे. परंतु रानात हिंडणाऱ्या माणसाची नजर कधी कधी मोजपट्टीच्या आधी पोहोचते, असा माझा अनुभव असल्यामुळे तो मुद्दा येथे नोंदवतो.

बसण्याच्या पद्धतीबद्दल थोडे लिहितो, कारण पुष्कळांच्या मनात संग्रहालयातले चित्र घट्ट बसलेले असते. त्या चित्रात फुलपाखरू डोके वर करून डहाळीवर बसलेले असते आणि मागच्या पंखाचा देठ डहाळीला टेकलेला असतो, जणू पान फांदीलाच फुटले आहे. हे चित्र ब्रिटिश निसर्ग अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्यापासून रूढ झाले. १८६१-६२ मध्ये ते सुमात्रात होते आणि तेथील कॅलिमाचे त्यांनी केलेले वर्णन जगभर गाजले. मात्र मी पाहिलेल्या ब्लू ओकलीफपैकी बहुतेक खोडावर डोके खाली करून बसलेले होते. त्या अवस्थेत देठ वरच्या बाजूला येतो, आणि फुलपाखरू फांदीला लागलेल्या पानासारखे न दिसता, गळून येताना खोडाच्या सालीत अडकलेल्या पानासारखे दिसते. मला हे दुसरे सोंग पहिल्याहून अधिक पटते. खोडाला पान फुटत नाही, पण खोडावर पान अडकते, आणि रानात अशी अडकलेली पाने पावलोपावली दिसतात.

ही फुलपाखरे फुलांवर येत नाहीत. झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस, खाली पडून आंबलेली उंबरे, ओली माती हे त्यांचे खाणेपिणे. त्यामुळे ज्यांना पाहायची आहेत त्यांनी फुललेल्या झुडपांजवळ थांबण्याऐवजी उंबराखाली थांबावे.

दुसरा प्रतिसाद

मी कुमाऊँमध्ये आणि सिक्कीममध्ये ऑरेंज ओकलीफ पाहिले आहे, सह्याद्रीत ब्लू पाहिले आहे, म्हणून दोहोंची प्रत्यक्ष तुलना करू शकतो.

वागण्यात मला काडीचाही फरक आढळला नाही. दोन्ही फुलपाखरे सावलीच्या रानातली, ओहोळाच्या कडेने असणारी. दोहोंची भरारी जोरकस, पण सरळ नसते. पाठलाग झाला की ती वेड्यावाकड्या वळणांनी उडतात आणि मग एकाएकी पालापाचोळ्यात किंवा झुडपात शिरून पंख मिटतात. उडताना डोळ्यांत भरणारा निळा वा नारिंगी रंग त्या क्षणी नाहीसा होतो. पाठलाग करणारा पक्षी त्या रंगाच्या मागावर असतो आणि रंगच विझलेला असतो. मी स्वतः दहा पावलांवर उतरलेले फुलपाखरू, ते कुठे उतरले हे डोळ्यांनी पाहिलेले असतानाही, पाच-पाच मिनिटे शोधत बसलो आहे.

पंख उघडे पाहायचे असतील तर सकाळ गाठावी. रात्रीच्या गारव्यानंतर रानात उन्हाचा पहिला कवडसा पडतो तेव्हा ही फुलपाखरे उंचशा पानावर पंख अर्धे वा पूर्ण उघडून ऊन घेतात. नर तर अशी जागा धरून बसतात आणि जवळून जाणाऱ्या दुसऱ्या फुलपाखरावर झेपावतात. दिवस चढला की मात्र मिटलेले पंखच पाहायला मिळतात. आपल्या संग्रहातली छायाचित्रे बहुधा दहानंतरची असतील, असा माझा अंदाज आहे.

एक सावधगिरी सांगतो. जुन्या, पंख झिजलेल्या ऑरेंजचा पट्टा पिवळट पडलेला असतो. दूरवरून उडताना तो फिका दिसला म्हणून लगेच ब्लू म्हणू नये.

तिसरा प्रतिसाद

मी या विषयात नवीन आहे, म्हणून एक प्राथमिक शंका विचारते. आमच्या घरामागच्या रानात हिवाळ्यात वाळक्या पानासारखी दिसणारी तपकिरी फुलपाखरे संध्याकाळी खूप दिसतात. तीही ओकलीफच असतात का?

मूळ लेखिकेचे उत्तर

संध्याकाळी आणि खूप दिसतात, या दोन शब्दांवरूनच ती ओकलीफ नसावीत असे वाटते. ती बहुधा कॉमन इव्हनिंग ब्राउन असतील, शास्त्रीय नाव मेलानायटिस लेडा. पावसाळ्यात त्या फुलपाखराच्या पंखाच्या खालच्या, म्हणजे पंख मिटल्यावर दिसणाऱ्या, बाजूला डोळ्यांसारखे ठिपके स्पष्ट दिसतात. कोरड्या ऋतूत जन्मलेल्या पिढीत ते ठिपके जवळजवळ लोपतात आणि पंख वाळक्या पानासारखे होतात, म्हणून घोटाळा होतो. ते आकाराने ओकलीफहून लहान असते, दिवसभर जमिनीवरच्या पाचोळ्यात दडून राहते आणि दिवस मावळताना बाहेर पडते. त्याच्या पंखांवर देठापासून टोकापर्यंत जाणारी एकसंध शीर नसते. ओकलीफ हे दिवसा उडणारे आणि बऱ्यापैकी मोठे फुलपाखरू आहे, आणि एका ठिकाणी एका वेळी एक-दोनच दिसते. आपल्या घरामागे रान आहे तर जरूर लक्ष ठेवा. इव्हनिंग ब्राउनही तितकेच अभ्यासण्याजोगे आहे.

आता पहिल्या प्रतिसादातल्या मुद्द्याकडे वळते. देठाची लांबी आणि शिरेचा ठळकपणा हे भेद मीही तपासून पाहिले. माझ्याकडे सह्याद्रीतल्या ब्लू ओकलीफची अशी ३४ छायाचित्रे आहेत, की ज्यांत त्याच फुलपाखराचे उघडे पंखही मी टिपले आहेत, म्हणजे ओळखीबद्दल शंका नाही. त्यांतली मिटलेल्या पंखांची चित्रे मी एकापुढे एक लावली. काहींत मधली शीर सुरीने ओढावी तशी सरळ आणि गडद आहे. काहींत ती इतकी पुसट आहे की देठाकडून शोधत जावे लागते. काहींत शीर आहे पण उपशिरा नाहीत. एकात शीर जवळजवळ नाहीच, नुसता शेवाळी डागांचा पसारा आहे. देठाचे म्हणाल तर तो पंखाचा सर्वांत नाजूक भाग, आणि झिजण्याची व तुटण्याची सुरुवात तेथूनच होते. नुकतेच कोषातून बाहेर आलेले ऑरेंज आणि महिनाभर रानात वावरलेले ब्लू यांची तुलना केली, तर देठ लांब-आखूड दिसणारच. शिवाय मादीच्या पुढच्या पंखाचे टोक नराहून अधिक लांबट असते, त्यामुळे पानाची एकूण आकृतीच बदलते.

या विविधतेमागे पक्के कारण आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. २०२२ साली सेल या शोधपत्रिकेत कॅलिमा फुलपाखरांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑरेंज ओकलीफच्या खालच्या बाजूचे वेगवेगळे पर्णनमुने हे केवळ ऋतूमुळे वा योगायोगाने पडत नसून आनुवंशिक आहेत, आणि कॉर्टेक्स या जनुकाच्या परिसरातल्या भेदांशी ते जोडलेले आहेत, असे दिसून आले. एकाच प्रजातीत हे निरनिराळे नमुने दीर्घकाळ एकत्र टिकून राहिले आहेत. याचा अर्थ आपल्या दृष्टीने सरळ आहे. एका प्रजातीच्या आतच पानांचे इतके प्रकार नांदत असतील, तर एका पानावरून प्रजाती सांगण्याचा आपला आधारच निसटतो. शीर ठळक असणे हा ऑरेंजचा गुण नाही, तो ऑरेंजमधल्या काहींचा गुण आहे, आणि माझ्या छायाचित्रांवरून पाहता ब्लूमधल्या काहींचाही आहे.

यावर ऋतूचा परिणाम वेगळाच. पावसाळ्यातली पिढी आकाराने लहान असते आणि रंगछटाही बदलते. तेव्हा आपली नजर चुकते असे मी म्हणणार नाही. आपण पाहिलेली हिमालयातली छायाचित्रे कोणत्या महिन्यांतली होती, आणि नमुना किती जणांचा होता, हे मात्र तपासावे अशी विनंती आहे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

तपासले. मी मनात धरलेली ऑरेंजची जवळजवळ सर्व छायाचित्रे मार्च ते मे या काळातली निघाली, आणि माझे स्वतःचे ब्लू ओकलीफचे पाहणे मुख्यतः सप्टेंबर ते नोव्हेंबरमधले आहे. एका प्रजातीची उन्हाळी पाने मी दुसरीच्या पावसाळी पानांशी ताडत होतो. देठ आणि शिरेबद्दलचे माझे विधान मागे घेतो.

चौथा प्रतिसाद

रंगाबद्दल एक भर घालतो, कारण छायाचित्रांवरून ओळख करताना त्याचा थेट संबंध येतो.

नारिंगी आणि निळा हे दोन रंग पंखावर एकाच पद्धतीने तयार होत नाहीत. नारिंगी पट्टा रंगद्रव्याचा आहे. या कुळातल्या फुलपाखरांत तांबड्या-नारिंगी छटा ओमोक्रोम गटातल्या द्रव्यांमुळे येतात, आणि ते द्रव्य पंखावरच्या खवल्यांत साठलेले असते. निळ्याचे तसे नाही. खवल्यावर निळे द्रव्य नसते, खवल्याची अतिशय पातळ रचना प्रकाशातला निळा भाग परतवते आणि आपल्याला निळे दिसते. त्यामुळे नारिंगी पट्टा कोणत्याही कोनातून नारिंगीच राहतो, पण निळा पट्टा पाहणाऱ्याच्या जागेनुसार आणि प्रकाशाच्या दिशेनुसार बदलतो. ढगाळ दिवशी, किंवा फ्लॅश समोरून पडला असता, ब्लू ओकलीफचा पट्टा छायाचित्रात पांढरा उमटल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. अंदमानात कॅलिमा अल्बोफॅसियाटा या नावाचे आणखी एक ओकलीफ आहे, त्याचा पट्टा खरोखरच पांढरा असतो आणि ते फक्त त्या बेटांवरच आढळते. अशा दोन छायाचित्रांखालची ठिकाणे झाकली, तर मला स्वतःला खात्रीने उत्तर देता येणार नाही.

निळा पट्टा म्हणजे पश्चिम घाट, हे समीकरणही ताणू नये. ईशान्येकडे स्केअर्स ब्लू ओकलीफ आहे आणि श्रीलंकेत तेथील स्वतंत्र ओकलीफ आहे. ‘निळे म्हणून दक्षिणेचे’ हा तर्क सिक्कीममध्ये उभा असलेल्या माणसाला फसवू शकतो.

पाचवा प्रतिसाद

नावाबद्दल थोडे. सह्याद्रीच्या रानात ओकची झाडे नाहीत, आणि या फुलपाखराच्या पंखावर उमटलेले पान काही ओकचे नव्हे. कोणत्याही रुंद, टोकदार पानाशी त्याचे साम्य जुळेल. हे नाव इंग्रजीतून आले आणि छायाचित्रकारांच्या बोलण्यात रुळले. मी गावाकडच्या मुलांना दाखवतो तेव्हा ‘पानाचे फुलपाखरू’ एवढेच सांगतो, आणि ती त्याला लगेच ओळखतात. कॅलिमा या शास्त्रीय नावाचा मूळ ग्रीक अर्थ सुंदर असा आहे. ज्यांनी ते दिले त्यांनी बहुधा पंख उघडलेला नमुना समोर ठेवला होता.

ज्यांना सुरवंट शोधायचा आहे त्यांच्यासाठी: दोन्ही प्रजातींचे सुरवंट मुख्यतः कारवीच्या कुळातल्या झुडपांवर वाढतात. सुरवंट काळसर आणि काटेरी असतो, आणि त्याच्या डोक्यावर दोन शिंगे असतात. सह्याद्रीत कारवी ७-८ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि वाळून जाते. अशा वर्षानंतर एखाद्या उतारावर हिरवी कारवी सापडत नाही. पुढच्या पावसात रोपे उगवून ती सुरवंटाला पुरेशी होईपर्यंत त्या उतारावर ब्लू ओकलीफ कमी दिसले, तर त्याचे आश्चर्य वाटू नये. एखाद्या वर्षीच्या नोंदी कमी भरल्या म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी कारवी कोणत्या अवस्थेत होती, हे नोंदवहीत असलेले बरे.

सहावा प्रतिसाद

एक प्रश्न राहून राहून मनात येतो. खालची बाजू दोघांची इतकी सारखी, मग वरची बाजूच वेगळी का?

मूळ लेखिकेचे उत्तर

माझे मत सांगते, ते मत म्हणूनच घ्यावे. खालची बाजू पक्ष्यांसाठी आहे. सह्याद्रीतला पक्षी आणि हिमालयातला पक्षी, दोघेही वाळक्या पानाकडे दुर्लक्षच करतात, आणि वाळके पान दोन्हीकडे सारखेच दिसते. तेव्हा तेथे बदलाला कारण नाही. वरची बाजू मात्र स्वजातीयांसाठी आहे. जागा धरून बसलेला नर समोरून गेलेल्या पट्ट्यावर झेपावतो, आणि तो पट्टा कोणाचा हे त्याला कळणे गरजेचे असते. एकमेकांपासून दूर पडलेल्या लोकसंख्यांत या बाजूला वेगळी वाट धरायला मोकळीक मिळाली असावी.

खालच्या बाजूची घडण कशी झाली याबद्दल जपानमध्ये झालेला २०१४ चा एक अभ्यास वाचण्यासारखा आहे. या कुळातल्या साध्या पंखांवर पट्टे, ठिपके आणि डोळे यांची एक मूळ मांडणी असते. कॅलिमाचे पान म्हणजे त्याच मांडणीतले घटक सरकत, जुळत आणि पुसट होत टप्प्याटप्प्याने तयार झालेले आहे, असे त्या अभ्यासकांनी अनेक संबंधित प्रजातींची तुलना करून दाखवले. आपल्याला एकसंध दिसणारी मधली शीर ही मुळात एक रेषाच नाही. वेगवेगळ्या घटकांचे तुकडे दोन पंखांवर असे बसले आहेत, की पंख मिटल्यावर ते एका ओळीत येतात. पंख जरासे पुढेमागे सरकले तरी शीर मोडते. माझ्या छायाचित्रांतल्या काही ‘वाकड्या’ शिरांचे कारण तेवढेच होते.

आता नोंदींबद्दल, कारण या धाग्याची सुरुवात तेथूनच झाली. ऑरेंज ओकलीफ हिमालयाचे आणि ब्लू द्वीपकल्पाचे, असे आपण धरून चालतो. परंतु मध्य भारताच्या डोंगरांत, पचमढीतही, ऑरेंजची नोंद आहे. अशा ठिकाणी मिटलेल्या पंखांचे छायाचित्र घेऊन कोणी, माझ्यासारखे, सवयीने ‘ब्लू’ लिहिते. पुढे कोणी नकाशा तयार करते, तेव्हा त्या नोंदीमुळे तेथे निळा ठिपका पडतो. त्यानंतर येणारा तिसरा माणूस नकाशा पाहतो आणि आपल्या मिटलेल्या पंखांच्या छायाचित्राखाली विश्वासाने ‘ब्लू’ लिहितो. ठिपके वाढत जातात, आणि त्यांतल्या एकाही ठिपक्यामागे कोणी पट्टा पाहिलेला नसतो. पश्चिम घाटाच्या ऐन गाभ्यात या सवयीने फारसे बिघडत नसेल, पण जेथे दोन प्रजातींच्या सीमा जवळ येतात तेथे नेमकी माहिती हवी असते, आणि नेमकी तेथेच ती बिघडते. म्हणून पट्टा दिसला नसेल तर नुसते ‘कॅलिमा’ एवढेच लिहावे. ती अपुरी नोंद नव्हे. जे पाहिले तेवढेच त्यात आहे.

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

सहमत आहे. पट्टा दिसावा म्हणून फुलपाखराला काडीने हलवू नये, आणि राखीव रानात फळांचे आमिषही ठेवू नये, एवढे जोडतो. थांबण्याची तयारी असेल तर ते स्वतःहून पंख उघडते. रस पिताना जागा बदलते तेव्हा अर्ध्या क्षणापुरते पंख विलग होतात. त्या वेळी मागून, किंचित वरच्या बाजूने पाहणाऱ्याला समोरच्या पंखाची आतली कड दिसते. कॅमेरा सलग छायाचित्रे घेत असेल तर ती कड एखाद्या चित्रात सापडते.

आपण आठ छायाचित्रे काढली असे लिहिले आहे. उरलेली सात पाहिलीत का?

मूळ लेखिकेचे उत्तर

आपला प्रतिसाद वाचून आत्ताच पाहिली. सर्वांत स्पष्ट चित्र निवडल्यावर बाकीची मी पुन्हा उघडलीच नव्हती. पहिली पाच एकसारखी आहेत. सहाव्यात फुलपाखरू खोडावर थोडे खाली सरकले आहे. सातवे हललेले आहे आणि एरवी ते मी पुसूनच टाकले असते, पण त्यात पुढचे दोन पंख बोटभर विलग झालेले आहेत आणि पलीकडच्या पंखाच्या आतली एक अरुंद पट्टी उजेडात आली आहे. चित्र मोठे करून, खोलीतला दिवा मालवून पाहिले. ती पट्टी नारिंगी आहे. निळसर वा पांढुरकी छटा तिच्यात नाही, आणि चौथ्या प्रतिसादात म्हटल्याप्रमाणे हा रंग प्रकाशाच्या कोनाने बदलणारा नसल्यामुळे मला तो ग्राह्य धरता येतो.

ते सातवे चित्र मी धाग्यात जोडते आहे. आपण सर्वांनी पाहून आपापले मत द्यावे. दुसऱ्या कोणाला तेथे नारिंगीखेरीज काही दिसत नसेल, तर नोंदवहीत खोडलेल्या ओळीच्या खाली ‘ऑरेंज ओकलीफ, पचमढी, ऑक्टोबर, पट्टा पाहिला’ असे लिहीन, आणि ज्या संकेतस्थळावर मी ती नोंद आधी ब्लू म्हणून दिली होती तेथेही आज रात्रीच दुरुस्ती कळवीन.